ओडेसा टिब्जच्या आठ ओळी

ओडेसा टिब्ज आमच्या शाळेत नोकरीला लागली तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. त्याआधी तेवीस वर्षं तिने वॉशिंग्टनच्या ईशान्य भागात टपाल वाटलं होतं. डीनवूडचे चढउतार, शेरीफ रोडवरच्या तीन मजली विटांच्या इमारती, त्यांच्या मागची लाकडी घरं, सगळं तिच्या पायाखालचं. कुठल्या घरातलं कुत्रं चावरं आहे, कुठली म्हातारी पेन्शनच्या चेकची वाट बघत पायरीवर बसते, कुणाचा मुलगा तुरुंगातून आईला पत्र लिहितो, हे तिला तोंडपाठ होतं, आणि तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही. डाव्या गुडघ्याने दगा दिला म्हणून पोस्ट सोडावं लागलं. नवरा, रॉस्को, आधीच गेला होता. सहा महिने घरात बसून काढल्यावर तिला भिंतींचा वीट आला.

आमची शाळा म्हणजे लँटर्न हिल. चालते सरकारी पैशावर, फी नाही, पण कारभार स्वतःच्या मंडळाचा. शहराशी केलेला करार दर पाच वर्षांनी तपासला जातो आणि तपासणीत कमी पडली तर शाळा बंद. अशा शाळेला इकडे चार्टर म्हणतात. प्रवेश सोडतीने. मी तिथे विज्ञान शिकवत होते.

आमच्या शाळेचं म्हणणं असं, की मुलाचं नुसतं डोकं शाळेत येत नाही, अख्खं मूल येतं. त्याचे दात येतात, पोट येतं, रात्रीची झोप येते, राग येतो, भीती येते. म्हणून सकाळची न्याहारी शाळेत, नर्स पूर्ण वेळ, चष्मे शाळेकडून, दुसरीपासून प्रत्येकाच्या हातात एक वाद्य, आणि वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक नव्या मुलाच्या घरी एक भेट. या भेटींना जाण्यासाठी माणूस हवा होता. लोक ज्याला दार उघडतील असा.

प्राचार्या डॉक्टर व्हिटलो यांनी मुलाखतीत विचारलं, "मिस टिब्ज, शाळेतच का यावंसं वाटलं?"

"तेवीस वर्षं शाळांची पत्रं मीच टाकली," ओडेसा म्हणाली. "तुमचं मूल इतके दिवस गैरहजर, तुमचं मूल अमुक विषयात मागे. महिन्याने बघावं तर पाकिटं तशीच पेटीत पडलेली. कुणी फोडतच नाही. म्हटलं, जे सांगायचंय ते तोंडाने जाऊन सांगणारं कुणीतरी हवं."

त्याच दिवशी तिला नोकरी मिळाली.

मी तिच्याबरोबर काही घरी गेलेय. दार ठोठावलं की ती दोन पावलं मागे सरायची आणि अर्धवट रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. "दारात छाती काढून उभं राहिलं की आतल्या माणसाला वाटतं पोलीस आले," ती मला सांगायची. आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं शाळेचं नावही काढायची नाही. काय शिजतंय, टीव्हीवर काय चाललंय, ही खुर्ची कुणी दुरुस्त केली. निघेपर्यंत तिला सगळं कळलेलं असायचं.

पहिली तीन वर्षं हे सगळं तिच्या डोक्यात राहिलं. सकाळच्या बैठकीत ती नुसतं म्हणायची, "त्या जुळ्यांच्या आईची कामाची पाळी बदललीय, आठवडाभर जरा दमाने घ्या," आणि आम्ही घ्यायचो. पण शाळा वाढली. मुलं साडेतीनशे झाली.

"मिस टिब्ज, उद्या तुम्ही आजारी पडलात तर आम्ही काय करायचं? तुमचं डोकं उघडून बघायचं?" व्हिटलोबाई एकदा म्हणाल्या.

"बघा की. आत जुने पिनकोड सापडतील."

सगळे हसले, पण फाईल सुरू झालीच. कॉम्प्युटरवर प्रत्येक मुलाचं एक पान, आणि त्यात घरभेटीची टिपणं. वर्गशिक्षक, नर्स, समुपदेशक यांनी वाचायची. ओडेसाला ते मनापासून आवडलं नाही. "दुसऱ्याचं पत्र फोडून चारचौघांत वाचल्यासारखं वाटतं," ती मला म्हणाली. तरी ती लिहायला लागली, आणि चांगलं लिहायला लागली. थोडक्यात, नेमकं, कुणाची कीव न करता. मी स्वतः तिची टिपणं वाचून कितीतरी मुलांवर ओरडायची थांबले.

नायेल ब्रॉडस दुसरीत आमच्याकडे आली. सात वर्षांची, हडकुळी, अक्षरओळख जेमतेम. ती आजीजवळ राहायची. आजीचं नाव लुसिंडा ब्रॉडस. गल्लीत सगळे मिस सिंडा म्हणायचे. तीस वर्षं एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री केलेली, ताठ मानेची, कमी बोलणारी बाई. नायेलची आई फ्लोरिडात कुठेतरी होती आणि त्या विषयाला कुणी हात लावत नसे.

नायेल दर सोमवारी गैरहजर. कारण ओडेसाने शोधून काढलं. झोपायच्या खोलीच्या भिंतीला काळी बुरशी होती. शनिवार-रविवार त्या खोलीत काढले की सोमवारी मुलीची छाती भरायची. मग नर्सने दोन वेळच्या इन्हेलरची जबाबदारी घेतली, ओडेसाने इमारतीच्या व्यवस्थापकाच्या दारात इतक्या फेऱ्या मारल्या की त्याने शेवटी भिंत खरवडून रंगवून दिली. सकाळी न्याहारीनंतर अर्धा तास एक शिक्षिका नायेलला घेऊन वाचायला बसायची. वाद्यांच्या खोलीतून तिने चेलो निवडला, व्हायोलिनचा थोरला भाऊ, तिच्याहून उंच. चौथीत येईपर्यंत ती रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लागली होती, आणि जिभेला धार आली होती.

"मिस टिब्ज, तुमचा गुडघा वाजला. आत कुणी राहतं का?"

"राहतं की. उठता-बसता कुरकुर करतं मेलं."

"मग बाहेर काढा त्याला."

"काढलं तर मी चालू कशी?"

जिन्यात भेटल्या की दोघींचं हे असं चालायचं.

चौथीच्या सुरुवातीलाच नायेल वर्गात पेंगायला लागली. वर्गशिक्षक नवा होता. त्याने फाईलमध्ये लिहिलं, 'आळस. लक्ष नाही.' ओडेसा ते वाचून त्या दुपारीच शेरीफ रोडवर नायेलच्या घरी गेली. इमारतीच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. मालकाने ती पाडायला काढली होती आणि उन्हाळ्यातच भाडेकरूंना बाहेर काढलं होतं. मिस सिंडाने शाळेत कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. कागदावर पत्ता तोच होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आजी नायेलला न्यायला आली, तेव्हा ओडेसा फाटकाशी उभी होती.

"मिस सिंडा, तुमच्याबरोबर थोडं चालत आले तर चालेल का?"

आजीने तिच्याकडे बघितलं. नाही म्हणाली नाही.

तिघी चालत निघाल्या. शेरीफ रोडने पुढे गेलं की ईस्टर्न अव्हेन्यू लागतो. त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर वॉशिंग्टन, पलीकडच्या फुटपाथवर मेरीलँड. इकडचा कचरा एका दिवशी उचलतात, तिकडचा दुसऱ्या. डोळ्याला दिसणारा फरक एवढाच. पण शाळा वॉशिंग्टनच्या मुलांसाठी. रस्ता ओलांडताना मिस सिंडाने चाल कमी केली नाही, मान वर ठेवूनच ती पलीकडे गेली.

तिथे तिची चुलतबहीण डार्नेटा भाड्याने राहायची. ओडेसाला पुढच्या खोलीत बसवून मिस सिंडाने पाउंड केकचा जाड तुकडा बशीत घालून दिला. डार्नेटाचा नवरा पहाटे कामावरून यायचा आणि टीव्ही लावायचा. घरात मांजर होतं. कोचावर एक रंगीत गोधडी घडी करून ठेवली होती आणि तिच्यावर नायेलची पुस्तकं. नायेल स्वयंपाकघरात गेली तेव्हा मिस सिंडा म्हणाली, "आता तुम्ही हे सगळं लिहिणार."

"झोपेचं लिहावं लागेल. वर्गात तिला आळशी ठरवलंय."

"झोपेचं लिहा. बाकीचं नको."

"मिस सिंडा, एक फॉर्म आहे. ज्यांची जागा गेली आणि जे दुसऱ्यांकडे राहतायत, त्यांच्या मुलांना कायद्याने जुन्याच शाळेत राहता येतं. हद्दीबाहेर असले तरी. मी आणून देते."

"काय नाव त्या फॉर्मचं?"

ओडेसाला सांगावंच लागलं. वर मोठ्या अक्षरांत 'बेघर विद्यार्थी' लिहिलेलं असतं.

"मी बेघर नाही," मिस सिंडा म्हणाली. "मला घर आहे. ते डार्नेटाचं आहे, एवढंच."

"नुसता शब्द आहे हो."

"तुमच्यासाठी. तो शब्द एकदा कागदावर आला की बालकल्याण खात्याचं कुणीतरी येणार, मुलीला स्वतःची खोली कुठेय, कपाट कुठेय विचारणार, आणि तिला घेऊन जाणार. माझ्या बहिणीच्या नातवंडांना नेलं ते असंच. चांगली माणसं होती नेणारी. गोड बोलत होती."

ओडेसाने जास्त ताणलं नाही. थोडे दिवस जाऊ देत, परत बोलू, असं तिला वाटलं. केक संपवून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने फाईलमध्ये आठ ओळी लिहिल्या. पुढे त्या इतक्या लोकांच्या हातांतून गेल्या की मला पाठ झाल्या आहेत.

'नायेल सध्या आजीबरोबर ईस्टर्न अव्हेन्यूपलीकडे, आजीच्या चुलतबहिणीकडे राहते. पुढच्या खोलीत कोचावर झोपते. पहाटे घरातला माणूस कामावरून येतो, टीव्ही लागतो आणि तिची झोप मोडते. घरात मांजर आहे, तरी इन्हेलर दोन्ही वेळा घेतला जातो का ते नर्सने बघावं. वर्गात डोळा लागला तर हाक मारून उठवू नये. पहिल्या तासाआधी वीस मिनिटं नर्सच्या खोलीत पडू द्यावं. आजी थकली आहे, पण मुलीचे कपडे रोज इस्त्रीचे असतात. यातलं मुलीला कुणी काही विचारू नये.'

"अव्हेन्यूपलीकडे कशाला लिहिलंस?" मी तिला नंतर विचारलं.

"तेवीस वर्षांची सवय. पत्त्याशिवाय माणूस मला डोळ्यांपुढेच येत नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि वाटलं होतं, आपल्यातच राहील."

ओळींचा उपयोग झाला, हेही सांगायला हवं. नायेल रोज सकाळी वीस मिनिटं नर्सच्या खोलीत झोपायला लागली. वर्गशिक्षकाचा सूर बदलला. डिसेंबरच्या कार्यक्रमात चेलोवर एकटीने वाजवायचा तुकडा तिला मिळाला आणि ती रोज दुपारी त्यासाठी थांबायला लागली.

नोव्हेंबरात शहराच्या शिक्षण खात्याची नेहमीची तपासणी आली. काही मुलांची नावं काढतात आणि ती खरोखर शहरात राहतात का ते बघतात. नायेलचं नाव निघालं. खात्याने शेरीफ रोडच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. इमारत रिकामी, असा शिक्का घेऊन ते परत गेलं. मग खात्याने शाळेकडे त्या मुलीसंबंधीचे सगळे कागद मागितले. आमच्या कराराच्या तपासणीचं ते वर्ष होतं. व्हिटलोबाईंनी फाईल जशीच्या तशी दिली.

ओडेसाला हे कळलं ते ऑफिसात बोलावणं आल्यावर. खात्याचा माणूस तरुण आणि सभ्य होता. त्याने छापलेला कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"यातलं काही खोटं आहे?"

ओडेसाने कागदावरून एकदा नजर फिरवली. नंतर मला म्हणाली, की त्या वेळी दोन शब्द बोलून सुटता आलं असतं. चुकून लिहिलं, दुसऱ्याच मुलीचं लिहिलं. पण आयुष्यात तिने एकाही पावतीवर खोटी सही केली नव्हती आणि तिची जीभ वळेना.

"मी हे शिक्षकासाठी आणि नर्ससाठी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"ते समजलं. पण खरं आहे?"

"खरं आहे, पण अर्धं. त्यांची इमारत रिकामी केली म्हणून त्या तिथे आहेत. कायद्याने मुलीला इथे राहता येतं."

"मग तो फॉर्म कुठेय?"

फॉर्म नव्हता. तो म्हणाला, आजीने दहा दिवसांत सही केली तर प्रश्न मिटला. नाहीतर मुलीला काढावं लागेल.

तो गेल्यावर व्हिटलोबाई म्हणाल्या, "माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता, मिस टिब्ज. साडेतीनशे मुलांचा प्रश्न आहे."

"किती मुलं आहेत ते मला माहीत आहे," ओडेसा म्हणाली. "सगळ्यांच्या दारात मी उभी राहिलेय."

तिने त्याच संध्याकाळी मिस सिंडाकडे जायला हवं होतं. पण ती गेली नाही, आणि तिच्याआधी खात्याचा फोन पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस सिंडा शाळेच्या पुढच्या दालनात येऊन उभी राहिली, चर्चला जाताना घालते तो कोट घालून. मी माझ्या वर्गाच्या दारात होते.

"फोनवर त्यांनी मला तुझेच शब्द वाचून दाखवले, ओडेसा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या कोचावर बसून माझ्या हातचा केक खाल्लास तू."

"मिस सिंडा, फॉर्म आणलाय मी. एक सही करा, सगळं थांबेल."

"माझ्या नातीला घेऊन ये."

नायेलला कोट घालून आणलं. तिला अजून नीट काही कळलं नव्हतं. दारापर्यंत गेल्यावर ती वळून म्हणाली, "आणि चेलो? कार्यक्रमात माझं कोण वाजवणार?"

चेलो शाळेचा होता. आजीने तिचा हात धरला आणि दोघी पायऱ्या उतरून गेल्या.

त्यानंतर ओडेसा कामावर येत राहिली, पण तिने फाईल उघडली नाही. घरभेटी करायची, परत यायची, खुर्चीत बसून राहायची. सकाळच्या बैठकीत विचारलं तर "ठीक आहेत सगळे" एवढंच. शनिवारी मात्र ती ईस्टर्न अव्हेन्यूपलीकडे जायची. बर्फ असेल तेव्हा मी तिला गाडीने न्यायची आणि गाडीतच बसून राहायची.

पहिल्या शनिवारी दार उघडलंच नाही. आत टीव्ही ऐकू येत होता. दुसऱ्या शनिवारी डार्नेटाने खिडकीतून सांगितलं, "सिंडा घरी नाही." तिच्या मागे कुणीतरी खोकलं. तिसऱ्या शनिवारी डार्नेटा बाहेर पायरीवर आली.

"हे बघा, मिस टिब्ज, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण माझ्या भाडेकरारावर दोनच नावं आहेत. घरमालकाला कळलं की इथे चौघं राहतायत, तर आम्ही सगळेच रस्त्यावर. तुम्ही लिहिताना हा विचार केलात का?"

"नाही केला," ओडेसा म्हणाली.

गाडीत येऊन बसल्यावर ती म्हणाली, "हे मला सुचलंच नाही. एवढी वर्षं लोकांच्या पेट्यांवरची नावं वाचली. पेटीवर एक नाव आणि आत दुसरंच माणूस, असं रोज बघितलं. तरी सुचलं नाही."

ख्रिसमस झाला. डिसेंबरच्या कार्यक्रमात नायेलचा तुकडा गाळून टाकला होता. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा दार मिस सिंडानेच उघडलं. बाहेर इतकी थंडी होती की तिने गाडीकडे बघून मलाही आत यायची खूण केली.

"पाच मिनिटं," ती म्हणाली.

नायेल घरात नव्हती, डार्नेटाबरोबर दुकानात गेली होती. मिस सिंडा म्हणाली, मेरीलँडच्या नव्या शाळेत मुलगी तोंडच उघडत नाही. मोठ्याने वाच म्हटलं तर गप्प बसते, म्हणून तिला वाचता न येणाऱ्या मुलांच्या गटात घातलंय. दोनदा दम लागला. दुसऱ्या वेळी शाळेत कुणाला इन्हेलर सापडला नाही. घरी येऊन ती काही सांगत नाही. हे सांगताना मिस सिंडा ओडेसाकडे बघत नव्हती.

"मी तुम्हाला न दाखवता लिहिलं," ओडेसा म्हणाली. "झोपेचंच लिहा म्हणाला होतात. मी जास्त लिहिलं. चुकलं माझं."

"काय लिहिलं होतंस? फोनवर त्या माणसाने दोनच ओळी वाचल्या. सगळं वाच."

ओडेसाच्या पर्समध्ये तो कागद होता. ती वाचायला लागली. दुसऱ्या ओळीवर मिस सिंडाने हात वर केला.

"थांब. कोचावर कोण झोपतं?"

"नायेल."

"नायेल आत झोपते. डार्नेटाची मुलगी लग्न होऊन गेली, तिच्या पलंगावर. कोचावर मी झोपते."

"गोधडी होती तिथे. वर पुस्तकं तिची..."

"गोधडी माझी आहे. माझ्या आईने शिवलेली. मुलगी तिथे बसून अभ्यास करते. मी माझ्या नातीला कोचावर झोपवते, असं तू शहरभर सांगितलंस. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

ओडेसाचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आलेय. तो असा पडलेला कधी बघितला नव्हता. तिने पेन काढलं, ती ओळ खोडली आणि कागद मांडीवर ठेवून नुसती बसली.

"पुढचं वाच," मिस सिंडा म्हणाली.

मांजर, इन्हेलर, वीस मिनिटांची झोप. इस्त्रीच्या कपड्यांची ओळ आली तेव्हा मिस सिंडा खिडकीकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "तो फॉर्म घरमालकाकडे जातो?"

"नाही. खात्यात तीनदा फोन केला. ज्याने सांगितलं त्याचं नाव लिहून आणलंय. डार्नेटाचं नावसुद्धा त्यात घालावं लागत नाही. आणि मुदत उलटली तरी मुलीला परत घेतात."

"आणि मुलीला न्यायला कुणी येणार नाही?"

"फॉर्ममुळे नाही. बाकीचं मी कसं सांगू, मिस सिंडा. फॉर्ममुळे नाही, एवढं नक्की."

मिस सिंडाने तिला टेबलावरचे नायेलचे रंगखडू बाजूला करायला सांगितले आणि उभ्या उभ्या सही केली. 'बेघर' या शब्दावर तिने डावा पंजा ठेवला होता.

"मुलगी शाळेत येईल," ती म्हणाली. "तू या दारात परत यायचं नाहीस."

"नाही येणार."

ओडेसाने तो शब्द पाळला. पुढे त्या घरी काही न्यायचं असलं की मी नेत असे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नायेल परत आली. चेलो तिसरीतल्या एका मुलाला दिला होता. पुन्हा तिची पाळी यायला सप्टेंबर उजाडला. वाचन महिन्याभरात पूर्वीसारखं झालं. पण ओडेसाशी मात्र ती पूर्वीसारखी झाली नाही. "झोप झाली का गं?" विचारलं की "हो, मॅम." "खाल्लंस?" "हो, मॅम." एकदा जिन्यात मी पाहिलं, ओडेसाने काहीतरी विचारलं आणि नायेलने उत्तर देण्याआधी तिच्या हाताकडे बघितलं, पेन आहे का म्हणून. ओडेसानेही ते बघितलं. तिने हात कोटाच्या खिशात घातला.

त्या महिन्यात ओडेसा व्हिटलोबाईंकडे गेली. म्हणाली, "यापुढे मी जे लिहीन ते आधी त्या घरात वाचून दाखवीन. ते म्हणतील ते खोडीन."

"मग फाईलमध्ये उरणार काय?"

"ते ठेवू देतील तेवढं."

व्हिटलोबाईंनी वकिलाला विचारलं, मंडळाला विचारलं आणि शेवटी परवानगी दिली. शाळेचा करारही पुढे वाढला, गणित सुधारायच्या अटीवर. फाईल मात्र रोडावली. काही पानांवर एक-दोन ओळीच राहिल्या.

मग पुढच्या वसंतात पहिलीतली एक मुलगी सुजलेल्या गालाने शाळेत आली आणि दुपारपर्यंत तिला तापाने इस्पितळात न्यावं लागलं. दाढेत पू झाला होता. ओडेसाला दाढेचं दीड महिन्यापासून माहीत होतं. तिने लिहिलंही होतं, पण वाचून दाखवल्यावर आईने ती ओळ खोडायला लावली होती. मी नेते दाताच्या डॉक्टरकडे, शाळेला कळायला नको, माझ्यावर नाव येईल, असं म्हणाली होती. मुलगी चार दिवसांनी बरी होऊन परत आली.

मुलगी परत आली त्या दिवशी शाळा सुटल्यावर ओडेसा माझ्या प्रयोगशाळेत आली आणि मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसली.

"ओळ खोडली, तिथपर्यंत ठीक होतं," ती म्हणाली. "पण खोडून मी गप्प बसले. परत त्या घरी गेलेच नाही. मनात म्हटलं, तिचा निर्णय आहे."

"तुला काय माहीत ती नेणार नाही म्हणून?"

"माहीत नव्हतं. म्हणूनच जायला हवं होतं. सिंडालाही फॉर्मचं एकदाच विचारलं. ती नाही म्हणाली आणि मला जरा बरंच वाटलं, की आता वाद घालायला नको. खरं सांगते तुला. मला बरं वाटलं होतं."

मी तिला चहा करून दिला. तिने तो अर्धाच घेतला.

तेव्हापासून ती एकेका घरी तीन-तीनदा जायला लागली. काही लोक वैतागले. एका बापाने तिला तोंडावर सांगितलं, "पोस्टात होतीस तेव्हा बरी होतीस, पेटीत टाकून निघून जायचीस." ती हसली आणि पुढच्या गुरुवारी परत गेली. वर्षाला दीडशे घरं व्हायची तिथे नव्वद व्हायला लागली. उरलेल्या साठांत काय चाललंय, हे तिला रात्रंदिवस खायचं. त्याला इलाज नव्हता.

उजवा गुडघाही गेल्यावर, चौसष्टाव्या वर्षी, तिने काम सोडलं. तिच्या जागी हॉवर्ड विद्यापीठातून नुकतीच शिकून आलेली एक मुलगी घेतली, हुशार आणि घाईत असलेली. ओडेसा दोन आठवडे तिला घरोघरी घेऊन फिरली. काय शिकवलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "दारातून मागे कसं सरायचं ते. बाकीचं तिचं तिला चुकत चुकत येईल."

पुढच्या सोमवारी मी ऑफिसात गेले तेव्हा नवीन मुलगी ओडेसाच्या खुर्चीत बसून फोनवर कुणालातरी विचारत होती, "आज संध्याकाळी यायला चालेल का? नाही? मग उद्या? बरं, परवा विचारते."